हिवताप आणि अंगची प्रतिकारशक्ती

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या या सीमाभागात तीन भाषा एका अंगणात नांदतात. त्यामुळे एकाच रोगाला येथे तीन नावे आहेत. मराठी घरात त्याला हिवताप म्हणतात, कन्नड घरात चळिज्वर आणि दखनी बोलणाऱ्या घरात जाड्याचा बुखार. तिन्ही नावांत थंडी आहे, कारण हुडहुडी भरून दातांवर दात आपटू लागणे हीच या रोगाची जुनी खूण होय. डॉक्टर मंडळी त्याला मलेरिया म्हणतात.

भालकीकडे, औरादकडे किंवा आळंदकडे एखाद्या पारावर हा विषय निघाला, की कोणी वडीलधारे गृहस्थ हमखास सांगतात, "आमच्या लहानपणी हिवताप घरोघर होता. चार दिवस हुडहुडी भरायची, कोयनेलची गोळी घ्यायची, आणि पाचव्या दिवशी माणूस औताला लागायचा. आजची पोरे नाजूक." या बोलण्यात अर्धे सत्य आहे. जेथे हिवताप बारमाही असतो तेथील प्रौढ माणसाला तो सौम्य येतो, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. परंतु उरलेले अर्धे सत्य वडिलांच्या बोलण्यात येत नाही, आणि ते माहीत नसल्यास घरातले माणूस जीवाला मुकू शकते. दोन माणसांना एकाच जातीचा डास चावतो. एक दोन दिवस कण्हून उठतो, दुसरा तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या रक्तात आहे. ते सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

रोग कसा वाढतो

हिवताप डासांमुळे पसरतो हे आज शाळकरी मूलही सांगते. पण या सत्याचा मुख्य पुरावा आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानात सापडला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. बीदरपासून सुमारे १४० किलोमीटरवर, सिकंदराबादजवळच्या बेगमपेठ येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. हुसेन खान नावाच्या एका हिवतापी रोग्याने स्वतःच्या अंगावर डास चावू दिले होते, आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळत होता. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव जगभर झाले. हुसेन खानचे उपकारही जगाने विसरू नयेत.

डासांमध्ये अ‍ॅनॉफिलीस जातीची मादी हा जंतू वाहून नेते. ती चावली की जंतू प्रथम यकृतात जातो आणि तेथे आठवडाभर गुपचूप वाढतो. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. नंतर हजारोंच्या संख्येने तो रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींत शिरतो. पेशीच्या आत वाढून, तिला फोडून, बाहेर पडून तो नव्या पेशींवर धाड घालतो. आपल्याकडे आढळणाऱ्या दोन्ही प्रमुख जातींत, म्हणजे व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम यांत, ही फेरी सुमारे ४८ तासांची असते. पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. म्हणूनच जुने लोक त्याला एकांतरा ताप म्हणत.

मी शाळेत शिकवतो, तेव्हा येथे थोडे गणित करू. समजा, एका जंतूपासून दर दोन दिवसांनी दहा नवे जंतू यशस्वीपणे पेशींत शिरले. तर बारा दिवसांत, म्हणजे सहा फेऱ्यांत, एकाचे दहा लाख होतात. आता समजा, शरीराने कसून प्रतिकार केला आणि दर फेरीला दहाऐवजी दोनच जंतू वाचले. मग त्याच बारा दिवसांत एकाचे फक्त ६४ होतील. कोठे दहा लाख आणि कोठे ६४! जंतू दोघांच्याही अंगात आहे. पण एकाचे अंग फणफणते आणि दुसऱ्याला कदाचित तापही येत नाही. सौम्य आणि तीव्र हिवताप यांतील पुष्कळसे अंतर या हिशेबात आहे.

सौम्यपणाची किंमत

प्रौढांना हिवताप सौम्य का येतो, याचा पद्धतशीर शोध प्रथम जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी घेतला. १८९९ साली जावा बेटावर आणि पुढे न्यू गिनीत त्यांनी गावोगाव लोकांचे रक्त तपासले. जेथे रोग बारमाही होता तेथे लहान मुलांच्या रक्तात जंतू भरपूर आणि मोठ्यांच्या रक्तात अगदी थोडे, असे त्यांना आढळले. आपल्या देशात डॉ. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी सिंगभूमच्या भागात हेच काम अधिक बारकाईने केले आणि १९२४ साली प्रसिद्ध केले. तान्ह्या व रांगत्या मुलांत जंतूंची संख्या फार मोठी. वय वाढेल तशी ती उतरत जाते. आणि प्रौढांत ती अत्यल्प राहते, असे त्यांनी मोजून दाखविले.

यात ध्यानात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की प्रौढांच्या रक्तातून जंतू अजिबात नाहीसा होत नाही. तो थोडा राहतो. देवीची किंवा गोवराची गोष्ट वेगळी आहे. ते रोग एकदा येऊन गेले की माणूस बहुधा जन्मभर सुटतो. हिवतापात तसे घडत नाही. येथे शरीर प्रथम रोगाची तीव्रता आवरायला शिकते, नंतर हळूहळू जंतूंची संख्या आवरायला शिकते. पण पूर्ण हकालपट्टी त्याला क्वचितच साधते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही शक्ती मिळविण्यासाठी बालपणात पुनःपुन्हा हिवताप सोसावा लागतो. जी मुले त्यातून वाचतात तीच पुढे मोठी होऊन पारावर बसतात आणि आपल्या काळचा हिवताप सौम्य होता असे सांगतात. जी वाचली नाहीत ती सांगायला येत नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि ८ लाख लोक त्याने दगावत, असा अंदाज आहे. आफ्रिकेत हे चित्र अजून पुसलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतले, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांच्या आतील बालके. प्रौढांच्या सौम्य हिवतापाची किंमत अशी बालकांनी मोजलेली असते.

रक्तातील पहारेकरी

ही शक्ती रक्तात नेमकी कशात असते? याचे स्पष्ट उत्तर १९६१ साली मिळाले. आफ्रिकेतील गांबिया देशात सिडनी कोहेन, इयन मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. हिवताप सोसून तयार झालेल्या प्रौढ माणसांच्या रक्तातून त्यांनी गॅमा ग्लोब्युलीन नावाचे प्रथिन वेगळे काढले आणि हिवतापाने आजारी असलेल्या लहान मुलांना ते टोचले. काही दिवसांत मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने घटले आणि ताप उतरला. ज्यांनी हिवताप कधी पाहिला नव्हता अशा ब्रिटनमधील प्रौढांचे तेच प्रथिन दिले, तर मात्र गुण आला नाही. म्हणजे प्रथिन एकच असले तरी ज्याने रोग अनुभवला त्याच्याच प्रथिनात ती विद्या होती.

या प्रथिनात जे कण असतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. शरीरात परका जंतू आला की पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी त्याच्या अंगावरील एखादी खूण ओळखून त्या खुणेला चपखल बसणारी प्रतिपिंडे तयार करतात. कुलूप आणि किल्ली यांचे जे नाते तेच खूण आणि प्रतिपिंड यांचे. पुढे १९९१ साली थायलंडमध्ये आठ रोग्यांना आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे देण्यात आली, तेव्हा तेथेही जंतू घटले. आफ्रिकेत शिकलेली विद्या आशियातील जंतूवरही चालली. यावरून असे दिसते, की जंतूच्या काही खुणा देशोदेशी सारख्या असल्या पाहिजेत.

प्रतिपिंडे मुख्यतः तीन प्रकारे काम करतात. पेशी फोडून बाहेर पडलेल्या जंतूला चिकटून ती त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. ही दारावरची अडवणूक झाली. दुसरे, ती जंतूवर जणू शिक्का मारतात. तो शिक्का पाहून भक्षक पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि रोगाच्या तीव्रतेशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

जंतू नव्हे, बहुरूपी

फॅल्सिपेरम जातीचा जंतू इतका घातक का, हे पाहू. तांबड्या पेशीत शिरल्यावर तो पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक चिकट प्रथिन उगवतो. त्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. असे करण्यात जंतूचा स्वार्थ आहे. आपल्या पाणथरीचे एक काम म्हणजे खराब झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणे. पेशी वाहत राहिली तर पाणथरीत जाईल आणि जंतूसह नष्ट होईल. चिकटून बसली तर वाचेल. पण जंतूच्या या स्वार्थापायी माणसाच्या रक्तवाहिन्या तुंबतात. मेंदूत असे घडले की रोगी बेशुद्ध होतो, त्याला झटके येतात. यालाच मेंदूचा हिवताप म्हणतात. शिवाय असंख्य तांबड्या पेशी फुटल्याने रक्त कमी होऊन मूल पांढरेफटक पडते. मोठ्या माणसांत मूत्रपिंडे बिघडणे आणि कावीळ होणे हे प्रकारही बरेच दिसतात.

या चिकट प्रथिनाला जी प्रतिपिंडे जाऊन बसतात ती पेशीचा चिकटपणा मोडतात. पेशी भिंतीवरून सुटते आणि पाणथरीच्या तावडीत सापडते. रोग सौम्य होतो तो पुष्कळ अंशी असा.

मग एकदाच्या तापात ही प्रतिपिंडे का तयार होऊन राहत नाहीत? याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या खेड्यांत येणारा बहुरूपी आठवावा. तो आज पोलीस होऊन येतो, उद्या साधू, परवा सावकार. पोलिसाचे सोंग ओळखले म्हणून साधूचे सोंग ओळखू येईलच असे नाही. हिवतापाच्या जंतूजवळ अशी सुमारे साठ सोंगे आहेत. चिकट प्रथिनाचे साठेक वेगवेगळे नमुने त्याच्या जनुकांत लिहिलेले असतात, आणि एका वेळी तो त्यांतला बहुधा एकच अंगावर चढवतो. शरीराने तो ओळखून प्रतिपिंडे बनविली की जंतूंपैकी काहींनी दुसरा वेश घातलेला असतो. शिवाय गावोगावच्या जंतूंची सोंगेही निरनिराळी असतात. प्रत्येक सोंग ओळखीचे होईपर्यंत वर्षे जातात. म्हणून ही शक्ती हळूहळू येते.

तरीही एक दिलासा आहे. सर्व सोंगे सारखी घातक नसतात. बालकांना अत्यवस्थ करणारे जंतू प्रायः काही ठरावीक प्रकारचेच वेश घालतात, असे अलीकडील संशोधनातून दिसून आले आहे. हे वेश बहुतेक मुलांच्या अंगाला लवकर ओळखीचे होतात. सुनेत्रा गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गणिताच्या आधारे असे मांडले, की तीव्र हिवतापाविरुद्धची बरीचशी शक्ती पहिल्या एकदोन दुखण्यांतच येत असावी. पुढे टांझानियातील मुलांच्या पाहणीत मात्र अनेक वेळा हिवताप होऊन गेलेली मुलेही अत्यवस्थ झालेली आढळली. तेव्हा एकदोनदा ताप येऊन गेला म्हणजे आता भय नाही, असे कोणीही मानू नये.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, म्हणजे घोटाळा होणार नाही. काही माणसांना जन्मतःच थोडे संरक्षण असते. सिकल सेलचा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेल्या माणसास फॅल्सिपेरमचा तीव्र हिवताप कमी होतो, हे १९५४ साली दाखविले गेले. विदर्भातील आदिवासी भागात हा दोष आढळतो. पण हे संरक्षण तांबड्या पेशींच्या घडणीमुळे मिळते. प्रतिपिंडांची शक्ती मात्र जन्मानंतर, रोगाशी झगडून कमवावी लागते.

तान्हे मूल आणि गरोदर माता

तान्ह्या मुलाला आईकडून वारसा मिळतो. गर्भात असताना आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने त्याची राखण करतात. मात्र आईजवळ जे असेल तेच ती देणार. जिने कधी हिवताप सोसला नाही तिच्या बाळाला या रोगापुरता वारसा रिकामाच.

गरोदरपणात स्वतः आईलाच धोका वाढतो. वार हा शरीरातील नवा अवयव असतो, आणि जंतूच्या सोंगांपैकी एक सोंग खास वारेला चिकटण्यासाठीच आहे. ते १९९० च्या दशकात ओळखले गेले. स्त्रीच्या अंगाला हे सोंग पूर्वी कधी दिसलेले नसते. म्हणून लहानपणापासून हिवताप सोसलेल्या प्रौढ स्त्रीलाही पहिल्या गरोदरपणात तो जोराने येतो. आईचे रक्त कमी होते, मूल कमी वजनाचे जन्मते, कधी गर्भपात होतो. जेथे रोग बारमाही आहे तेथे पुढच्या खेपांना शरीर हे सोंग ओळखते आणि धोका उतरतो. आपल्यासारख्या भागात, जेथे हिवताप क्वचित येतो, तेथे पहिली खेप काय आणि तिसरी काय, धोका सारखाच समजावा. सून-लेक गरोदर असताना ताप आला तर अंगारे-धुपारे आणि काढे यांत एक दिवसही घालवू नये.

कमावलेली शक्ती ओसरते

आता पारावरील वडिलांच्या बोलण्याकडे पुन्हा वळू. त्यांच्या तरुणपणी त्यांना जी शक्ती होती ती खरी होती. पण ती वतनासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. वारंवार जंतूची गाठ पडत राहिली तरच प्रतिपिंडांचा साठा भरलेला राहतो. गाठ पडणे थांबले की तो उतरत जातो. हिवतापाच्या देशातून येऊन थंड मुलखात काही वर्षे राहिलेले लोक सुट्टीत मायदेशी जातात आणि आजारी पडतात, हा अनुभव आफ्रिकी कुटुंबांत सर्वांच्या परिचयाचा आहे. अगदी सर्वच आठवण पुसते असेही नाही. मादागास्करच्या पठारावर १९६० च्या सुमारास हिवताप जवळजवळ हटला होता; १९८० च्या दशकात तो साथीच्या रूपाने परतला. तेव्हा चाळिशीच्या पुढच्या, म्हणजे जुना हिवताप सोसलेल्या माणसांना तो तरुणांपेक्षा कमी त्रासदायक ठरला. म्हाताऱ्यांच्या रक्ताला जुनी ओळख थोडी उरली होती. तरुणांच्या रक्तात ती नव्हतीच.

आपल्या देशाची कहाणी याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डी. डी. टी. फवारले गेले. पंधरवड्याला दारात येऊन "ताप कोणाला आला होता का?" असे विचारणारा मलेरियाचा कर्मचारी आणि भिंतीवर त्याने लिहिलेल्या तारखा आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठवणीत आहेत. १९६५ साली देशात सुमारे एक लाख रोगी नोंदले गेले आणि मृत्यू एकही नाही. हे यश अपूर्व होते. परंतु पुढे ढिलाई आली, डास औषधाला जुमानेनासे झाले, पुरवठा अपुरा पडू लागला, आणि १९७६ साली रोग्यांची नोंद ६४ लाखांवर गेली. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांच्या रक्ताला या जंतूची ओळख नव्हती, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. त्यानंतर पुन्हा परिश्रम झाले. आज देशात आणि कर्नाटकात हिवताप पूर्वीच्या मानाने फारच थोडा उरला आहे, आणि २०३० पर्यंत तो समूळ घालविण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. कोणीही असे म्हणू नये, की मुलांना थोडा हिवताप झाला असता तर बरे. पण या आनंदाबरोबर एक जबाबदारी येते. आज आपल्या घरांत लहान, थोर, कोणाच्याही रक्तात पुरेसे पहारेकरी नाहीत. "आमच्या अंगाला सवय आहे" हे वाक्य आता खोटे झाले आहे.

आणि धोका गावात नसला तरी गाडीत बसून येऊ शकतो. आपल्या तालुक्यांतून दर वर्षी हजारो माणसे ऊसतोडीला, मुंबई-पुण्याला, हैदराबादला, गोव्याला बांधकामावर जातात. बांधकामाच्या ठिकाणी साठविलेल्या पाण्यात हिवतापाच्या डासाची शहरी जात चांगली फोफावते. पणजी शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधकामांबरोबरच हिवताप वाढला, आणि पुढे गोव्यात मजुरांचे रक्त तपासून त्यांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत सुरू झाली. ती योग्यच होती. मजूर एका गावाहून रोग घेऊन दुसऱ्या गावी जातो, यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या रक्ताची तपासणी हे त्याचेही हित आहे आणि गावाचेही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर शहरात बांधकामावर राहून परतला. दहाबारा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप आला. घरात आजीने धीर दिला, की हिवताप असा येतो नि जातो. तिने स्वतः तो अनेकदा सोसला होता. तिचे म्हणणे तिच्या अनुभवाला धरूनच होते. तिसऱ्या दिवशी मुलाचे डोळे पिवळे झाले, तो असंबद्ध बोलू लागला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. रक्तात फॅल्सिपेरम निघाला. मुलगा वाचला, दहावी झाला. पण एक दिवस आणखी गेला असता तर काय, हा विचार आजही मनात येतो. आजीच्या रक्तातील शक्ती नातवाच्या रक्तात नव्हती, एवढाच या प्रसंगाचा अर्थ.

व्हायव्हॅक्स हा गरीब हिवताप आहे, अशीही एक समजूत आहे. तीही पुरती खरी नाही. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ पासून असे रोगी नोंदविले आहेत, की ज्यांना केवळ व्हायव्हॅक्समुळेच कावीळ, बेशुद्धी आणि मूत्रपिंडाचा बिघाड झाला. शिवाय हा जंतू यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनंतरही पुन्हा उठतो.

पुण्याची लस

शरीराने वर्षानुवर्षे सोसून जी प्रतिपिंडे कमवावी ती सुईतून, रोग न होता, देता येतील काय? हे स्वप्न आता अंशतः खरे झाले आहे. पहिली लस २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील बालकांसाठी मान्य केली. दुसरी, आर-२१ नावाची, ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केली आणि २०२३ साली तिला मान्यता मिळाली. ती बनविते आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. ही लस डासाने सोडलेल्या जंतूला यकृतात पोचण्यापूर्वीच अडविणारी प्रतिपिंडे निर्माण करते. जेथे हिवताप ठरावीक ऋतूत येतो तेथे पहिल्या वर्षात सुमारे ७५ टक्के दुखणी तिने टळली. तिचाही जोर काळाने ओसरतो, म्हणून वर्षाने पुन्हा मात्रा द्यावी लागते. ही लस आफ्रिकेतील बालकांसाठी आहे. आपण तिच्या भरवशावर राहायचे नाही.

आपण काय करावे

आपला भरवसा लवकर तपासणी आणि पूर्ण औषध यांवर असला पाहिजे. यास्तव प्रत्येक घराने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ताप आला, विशेषतः बाहेरगावाहून परतल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. आशा कार्यकर्तीकडेही विचारणा करावी. कोठून परत आलो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण घ्यावे. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडलेल्या जंतूसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या बहुधा चौदा दिवस द्याव्या लागतात. ताप उतरला म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. मात्र गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना त्या चालत नाहीत, आणि काहींच्या रक्ताला त्या सोसत नाहीत. म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेऊ नयेत.

झटके येणे, ग्लानी, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या, धाप लागणे, डोळे पिवळे होणे, लघवी कमी किंवा काळसर होणे, अंग पांढरेफटक पडणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी रात्र असो वा दिवस, रोग्याला मोठ्या दवाखान्यात न्यावे.

घराच्या टाक्या, हौद, रांजण झाकावेत. आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. वापरात नसलेल्या आडात गप्पी मासे सोडावेत. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना मच्छरदाणीत झोपवावे.

आपल्या ट्रस्टच्या सभासदांना एक विनंती आहे. कामासाठी परगावी गेलेली कुटुंबे सणाला, उरुसाला, जत्रेला गावी परततात. त्या दिवसांत आरोग्य केंद्राच्या मदतीने रक्त तपासणीचे एक शिबिर भरविले, तर खर्च थोडा आणि पुण्य मोठे. हिवताप आपल्या जिल्ह्यांतून जात आहे हे खरे. पण तो जाताना आपल्या अंगचे कवचही घेऊन गेला आहे. ते कवच परत मिळविण्यासाठी एकाही मुलाने तो रोग सोसू नये. त्याऐवजी घरातील मोठ्यांनी वेळेवर सावध राहावे. आपल्या पिढीचे कवच तेच होय.